आतून न उघडणारी जाळी

मित्रांनो, मी एका खिडकीवरची जुनी लोखंडी जाळी आहे. फिजी बेटांवर राकीराकी नावाचे गाव आहे. त्या गावाबाहेर उसाच्या शेतांना लागून बारा-चौदा घरांची एक वस्ती आहे. तिथल्या बिसुनकाकांच्या घराच्या पुढच्या खिडकीवर मी असते. माझ्या डाव्या अंगाला मोठा बाक आला आहे आणि चार ठिकाणी कापून पुन्हा जोडल्याच्या खुणा आहेत. वस्तीत कुणी नवखा आला की हसतो. म्हणतो, "ही जाळी आहे की पिळून वाळत घातलेलं धुणं?" वस्तीतली माणसे मात्र हसत नाहीत.

माझा जन्म हमरस्त्याच्या कडेला, रत्नमच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. रत्नम हा वेल्डर. अंगाने किरकोळ, डोळ्यांवर काळी काच, आणि काम करताना सतत स्वतःशी पुटपुटणारा. त्याने बारा सळया एका मापाच्या कापल्या, आडव्या पट्ट्यांत ओवल्या आणि ठिणग्या उडवत मला जोडले. मग हिरवा रंग दिला. रंग वाळेपर्यंत मी भिंतीला टेकून उभी होते. शेजारी माझ्यासारख्याच पाच बहिणी होत्या आणि पुढच्या-मागच्या दारांसाठी केलेले दोन जाळीचे दरवाजे होते. आम्ही सगळ्या एकाच घरी जाणार होतो. कशासाठी, हे आम्हाला तिथेच कळले, कारण शेडमध्ये येणारा प्रत्येक माणूस तेच बोलत होता.

वस्तीच्या टोकाच्या घरी भरदुपारी चोरी झाली होती. घरचे सगळे ऊसतोडीला गेले होते. चोरांनी टीव्ही नेला, गॅसची टाकी नेली, कपाटे उपसली. आणि जाण्यापूर्वी झाकून ठेवलेला डाळभात तिथेच बसून खाल्ला, ताटे धुतली आणि ओट्यावर पालथी घातली. गेलेल्या वस्तूंपेक्षा त्या धुतलेल्या ताटांची लोकांना जास्त धास्ती वाटली. याचा अर्थ त्यांना घाई नव्हती. कोण किती वाजता परततो, हे त्यांना ठाऊक होते.

बिसुनकाका पूर्वी बस चालवत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारे गेले. उजवा हात, उजवा पाय आणि उजवी कूस निर्जीव झाली. आवाजही बसला. एकेक शब्द सावकाश यायचा, तोही पुटपुटल्यासारखा. दिवसभर ते पुढच्या खिडकीशी खुर्चीत बसून असत. त्यांची बायको सुखराजीकाकी बारीक अंगाची, चपळ आणि जात्याच घाबरट. मांजराने पातेले पाडले तरी ती "कोण आहे?" म्हणून ओरडायची. त्यांचा एकुलता एक मुलगा अविनेश ऑकलंडला नोकरी करत होता. चोरीची बातमी ऐकून त्यानेच फोनवरून आमचे काम सांगितले.

आम्हाला बसवले त्या दिवशीचे बोलणे मला शब्दन् शब्द आठवते. काकीने फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला होता आणि त्यातून अविनेशचा आवाज येत होता.

"रत्नम, एकही जागा मोकळी सोडू नकोस हं."

"नाही सोडत. फक्त ही पुढची खिडकी बिजागरीवर करतो. आतून कडी ठेवतो. काही झालंच तर म्हातारी माणसं बाहेर..."

"आतून उघडतं ते बाहेरूनही उघडतं. तू पक्की बसव."

"बघ बाबा. आई-बाप तुझे."

"म्हणूनच सांगतोय ना!"

रत्नमने खांदे उडवले. सिमेंटच्या भिंतीत खोल भोके पाडून त्याने मला आठ बोल्टांनी जखडले आणि कुणी पान्याने उघडू नये म्हणून बोल्टांची डोकी घासून सपाट केली. दोन्ही दारांच्या जाळ्यांना जाड कुलपे लागली. सगळे झाल्यावर बिसुनकाकांनी डाव्या हाताचे बोट माझ्या एका सळईत अडकवले आणि म्हणाले, "सुखे, पिंजरा... झाला. आता रोज... मिरची घाल. मी राम राम... म्हणतो."

"तुम्हाला सगळ्याची थट्टा!" काकी म्हणाली. पण त्या रात्री ती कितीतरी दिवसांनी शांत झोपली. मला फार अभिमान वाटला.

पाच महिने काही घडले नाही. मग एका मंगळवारी काकी बाजाराला गेली. जाताना तिने दोन्ही कुलपे लावली आणि काकांच्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवला. सकाळचे दहा वाजले असतील. वस्तीत चिटपाखरू नव्हते. ऊन चढले होते. अंगणातल्या खडीवर पावले वाजली आणि एक माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

मित्रांनो, तुम्हाला चोर म्हणजे दाढीवाला, लाल डोळ्यांचा वाटत असेल. हा तसा नव्हता. त्याचा पांढरा शर्ट इस्त्रीचा होता. केस विंचरलेले होते. त्याने माझ्या सळयांवर हात ठेवले, तेव्हा त्या हातांना साबणाचा वास येत होता.

"काका, पाणी मिळेल का?" त्याने विचारले.

काकांनी त्याच्याकडे बघितले. मग त्याच्या खांद्यावरच्या लांब पिशवीकडे बघितले. "बायको... मागे न्हातेय," ते म्हणाले. "हाक... मारतो."

तो माणूस हसला. "काकी सव्वानऊच्या बसने गेल्या. मीच त्यांची पिशवी वर चढवून दिली. दुपारी दोनशिवाय येत नाही म्हणाल्या."

काकांचे बोट माझ्या सळईवर होते. त्यांनी ते घट्ट आवळले. ओरडायला त्यांच्याकडे आवाज नव्हता. उठायला पाय नव्हता. त्या माणसाने पिशवीतून छोटी पहार काढली, सावकाश माझ्या दोन सळयांमध्ये घातली आणि अंगाचा भार टाकला. मी कण्हले. माझी एक सळई किंचित वाकली. रत्नमने वेल्डिंगने दिलेले डाग तुटतात की काय असे मला वाटले. त्याने पहार खाली घेतली, पुन्हा जोर केला. त्याच्या कपाळावर घाम आला, पण चेहरा तसाच हसरा होता. सगळा वेळ तो काकांशी बोलत होता. "घाबरू नका काका. तुम्हाला कुणी हात लावणार नाही. तुम्ही नुसते बसून राहा."

मी पकड सोडली नाही.

एवढ्यात उसाच्या वाटेवरून ट्रॅक्टरचा आवाज आला. समोरच्या घरात राहणारी माकेरेता शेतातून परत येत होती. त्या माणसाने पहार पिशवीत ठेवली. खिशातून रुमाल काढून जिथे जिथे त्याचे हात लागले होते तिथे तिथे मला पुसले, अगदी काळजीपूर्वक. मग वाकून काकांना म्हणाला, "पुन्हा येईन, काका." आणि पाहुणा जावा तसा निवांत चालत गेला.

माकेरेता घरासमोर आली, काकांचा चेहरा बघितला आणि ट्रॅक्टर चालू ठेवूनच धावली. ती दांडगी, मोठ्या आवाजाची बाई. चार एकर ऊस एकटी सांभाळायची. "काका, काय झालं? तोंड पांढरंफटक का पडलंय?"

काकांना ते सांगायला खूप वेळ लागला. तोवर तो माणूस कुठल्या कुठे गेला होता. पोलीस आले, माझ्यावर पावडर मारून बघितले, पण ठसा मिळाला नाही. तो माणूस आजपर्यंत सापडलेला नाही.

वस्तीत माझे फार कौतुक झाले. माणसे येऊन माझ्या वाकलेल्या सळईला हात लावून बघत. रत्नमला आठवड्यात अकरा घरांची कामे मिळाली. "जाळी असावी तर अशी!" लोक म्हणत. खोटे कशाला सांगू, मी फुगले होते. मला वाटले, या घराची आता मीच राखणदार.

काकीचे मात्र उलटेच झाले. तिला चोर आला याहून त्या पिशवीचे जास्त लागले. बसच्या पायरीवर त्या माणसाने तिच्या हातातली पिशवी घेतली होती, आणि तिने त्याला "भलं होवो तुझं, बाळा," म्हटले होते. किती वाजता परतणार तेही तिनेच सांगितले होते. तिने ती पिशवी जाळून टाकली. बाजार बंद केला. देवळात जाणे बंद केले. दोन्ही दारांना आतून कुलपे लागली ती दिवसभर लागलेलीच राहू लागली.

आधी चाव्यांचा जुडगा दाराजवळच्या खिळ्याला असायचा. आता तो रोज नव्या जागी लपू लागला. आज तांदळाच्या डब्यात, उद्या गादीखाली, परवा देवांच्या मागे. तिने काकांनाही सांगणे सोडले.

"मला तरी... सांग," काका म्हणाले.

"नको. त्याने तुम्हाला दमदाटी केली तर तुम्ही सांगून मोकळे व्हाल."

"मला सांगायला... अर्धा तास लागतो. चोर... कंटाळून जाईल."

काकी हसली नाही. खरे तर काकांनाही हसू येत नव्हते. अंगणातली खडी वाजली की त्यांचे बोट माझ्यावर घट्ट व्हायचे. कुत्रे असो, कोंबडी असो, दोघेही श्वास रोखून बसत. बाहेरून कुणी डोकावू नये म्हणून काकीने स्वयंपाकघराच्या खिडकीवर जाड घोंगडी टांगली. ती थेट शेगडीच्या मागे लोंबत होती. मला ती दिसायची, पण तिच्यात काही वावगे आहे असे मला तेव्हा वाटले नाही. ती चोराला अडवत होती ना, मग बरेच झाले असे वाटले.

माकेरेता रोज चौकशीला यायची. काकी दार उघडायची नाही. माकेरेता माझ्या सळयांमधून लिंबाची पाने, मिरच्या, अंडी एकेक करून आत द्यायची. एकदा तिने दालोचे, म्हणजे इथल्या अळूचे, मोठे कंद आणले.

"काकी, हा दालो जाळीतून जात नाही. दार उघड."

"मग लहान आण."

"अगं, शेतात तुझ्या जाळीच्या मापाचा दालो लावू का आता मी? उघड की! मी आहे, माकेरेता! तुझ्या अविनेशला या कडेवर घेऊन फिरलेय."

काकी दाराशी आली. तिचा हात कुलपापर्यंत गेला. मग तिने मान हलवली. "तू आहेस गं. पण तुझ्यामागे कुणी उभं असेल तर?"

माकेरेताने मागे वळून बघितले. मागे तिचा रिकामा ट्रॅक्टर होता. तिने दालो उंबऱ्यावर ठेवला आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. लहान दालो घेऊन.

त्याच सुमारास कॉन्स्टेबल केलेराने माकेरेताच्या अंगणात वस्तीची बैठक घेतली. मला समोरून सगळे ऐकू येत होते. केलेरा तरुण होती, पण तिच्या बोलण्यात धार होती. घराबाहेर जाताना शेजाऱ्याला सांगून जा, म्हणाली. बसमध्ये अनोळखी माणसाला परतायची वेळ सांगू नका. कुंपणाची झाडे छातीएवढी कापा, म्हणजे दिवसाढवळ्या कुणाला लपता येणार नाही. संशय आला तर गाडीचा नंबर लिहा, फोन करा, पण चार जण मिळून कुणाला मारहाण करायला धावू नका. मग तिने विचारले, "तुमच्यापैकी किती जणांच्या जाळ्या आतून चावीशिवाय उघडतात?"

एकही हात वर गेला नाही.

बैठकीला काकी गेली नव्हती, म्हणून केलेरा माझ्यापाशी आली.

"काकी, चावी कुठे असते?"

"पोलिसांनासुद्धा सांगणार नाही."

"मला नका सांगू. पण काकांना ठाऊक असू दे. खिळ्याला लावा, खिडकीतून हात पोचणार नाही पण तुमचा अंधारातही पोचेल अशा जागी. एक चावी माकेरेताकडे द्या. आग लागली तर काय करणार तुम्ही?"

"आग आपोआप लागते का? माणसं लावतात. माणूसच आत आला नाही तर लावणार कोण?"

केलेरा माझ्याकडे वळली. तिने माझी एक सळई धरून हलवली. मी हलले नाही. मला वाटले ती माझे कौतुक करील. ती म्हणाली, "हिचीच मला भीती वाटते."

मित्रांनो, मला त्या शब्दांचा राग आला होता. दोन महिन्यांनी मला ते कळले.

गुरुवार होता. दुपारचे तीन. अविनेशचा वाढदिवस, म्हणून काकी पुऱ्या तळत होती. फोनवर त्याला ताट दाखवायचे होते. कढई तापलेली असताना पुढच्या खोलीत फोन वाजला. काकी धावत आली. "बाळा, थांब हं, पुऱ्या दाखवते," असे म्हणून ती मागे वळली आणि तिथेच थबकली. कढईतले तेल पेटले होते. ज्वाळा घोंगडीला लागली होती.

काकीने घागर उचलली आणि पाणी ओतले. पेटलेल्या तेलावर पाणी पडताच भडका छताला गेला. लाकडी फळ्या धडाडून पेटल्या. काळा धूर दारातून पुढच्या खोलीत शिरला. काकी खोकत, डोळे चोळत मागे सरकली. फोन जमिनीवर पडला होता आणि त्यातून अविनेश ओरडत होता, "आई! आई, काय झालं? आई!"

"सुखे... चावी!" काका म्हणाले.

ती तांदळाच्या डब्याकडे वळली, पण डबा स्वयंपाकघरात होता. तिने गादी उलटवली. देव खाली पाडले. उशा, कपाट, जुने बूट, सगळे उपसले. "कुठे ठेवली मी? सकाळी ठेवली... मी सकाळी कुठे ठेवली?" ती स्वतःच्या कपाळावर मारून घेत होती. भीतीने तिच्या डोक्यातून ती सकाळच पुसून गेली होती.

मग ती माझ्याकडे आली. दोन्ही हातांनी मला धरले आणि हलवू लागली. "माकेरेता! माकेरेता गं!"

त्या चोराने जिथे धरले होते तिथेच तिने धरले होते. हे हात कुणाचे, हे मला कळत होते. मला सुटायचे होते. माझ्यात जीव असता तर मी भिंतीतून स्वतःला उपटून घेतले असते. पण मी लोखंड. मला जसे बसवले होते तशी मी बसले होते. तिच्या तळहातांची सालटे निघाली, माझ्या रंगावर रक्त लागले, आणि मी तसूभरही हलले नाही.

माकेरेताने शेतातून धूर बघितला. ती आधी दाराकडे धावली. कुऱ्हाडीचे पाच घाव घातले. दाराची जाळी दणाणली, पण कुलूप तुटेना. तेवढ्यात रत्नम सायकल टाकून धावत आला. घरात धूर आता खिडकीच्या वरच्या भागापर्यंत आला होता. काकांची मान छातीवर पडली होती.

"रत्नम, ही कशी निघते?" माकेरेता माझ्यावर हात आपटत ओरडली.

"नाही निघत," रत्नम म्हणाला. "मीच... निघू नये अशी बसवलीये."

"साखळी आण!"

तिने ट्रॅक्टर अंगणात घातला, फुलझाडे चिरडत. उसाची गाडी ओढायची साखळी रत्नमने माझ्या सळयांमधून ओवली. "काकी, काकांची खुर्ची भिंतीला लाव! बाजूला! खाली बस, नाक पदराने झाक!" काकीने खुर्ची ओढली. इतकी बारीक बाई, पण तिने ती ओढली.

पहिला हिसका बसला. मी सुटले नाही.

दुसऱ्या हिसक्याला साखळी घसरली आणि सणसणत मागे आली. रत्नमच्या खांद्याला लागली. तो पडला, उठला, पुन्हा ओवली. घरातून आता काकीचा आवाज येत नव्हता. फोनमधूनही काही ऐकू येत नव्हते. माकेरेता ट्रॅक्टरवर उभी राहून रडत होती आणि शिव्या देत होती. त्या शिव्या मलाच होत्या.

तिसऱ्या हिसक्याला डावीकडचे दोन बोल्ट तुटले. भिंतीला तडा गेला. माझे अंग पिळवटले, सगळी सिमेंटची चौकट फुटली आणि मी भिंतीचा तुकडा घेऊन अंगणात फरफटत गेले. मोठे भगदाड पडले होते. रत्नम आणि शेजारची माणसे आत उतरली. आधी काकांना काढले, मग काकीला. दोघांचेही चेहरे काजळीने काळे झाले होते. कुणी तरी काकांच्या पाठीवर थापा मारत होते. किती वेळ ते श्वास घेईनात. माकेरेताने त्यांचे डोके मांडीवर घेतले होते. मग एक घरघर ऐकू आली आणि ते खोकले. तो खोकला ऐकून सगळी वस्ती एकदम बोलू लागली.

गावातून अग्निशामक बंब आला, तोवर स्वयंपाकघर गेले होते. पुढची खोली अर्धी वाचली.

दोघे बारा दिवस इस्पितळात होते. अविनेश दुसऱ्याच दिवशी आला. त्यानंतर ती तिघे माकेरेताच्या घरी राहिली. एका संध्याकाळी केलेरा तिथे आली आणि तिने व्हरांड्यातल्या टेबलावर चाव्यांचा जुडगा ठेवला. काळवंडलेला, पण शाबूत.

"कुठे सापडला?" अविनेशने विचारले.

"काकांच्या खुर्चीत. उशीच्या खाली, उजव्या बाजूला."

काकीने हळूहळू पदर तोंडावर घेतला. आता तिला आठवले. सकाळी काका डुलकी घेत असताना तिने तो तिथे सरकवला होता. आजारी माणसाखाली कोण शोधील, असे तिला वाटले होते. काकांच्या उजव्या अंगाला जाणीव नव्हती. घर पेटत असताना ते चावीवर बसले होते.

"माझ्याच... बुडाखाली?" काका म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना रडू आले. अविनेश उठून समोर, आमच्या जळलेल्या घराच्या अंगणात आला. तिथे गवतात मी पडले होते. तो माझ्याजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "मीच सांगितलं होतं, पक्की बसव." मग पायाने मला जोरात ढकलले.

मी महिनाभर त्या गवतात होते. रंग उडाला, तांबेरा चढला, कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. येणारी-जाणारी माणसे मला वळसा घालून जात. मला कुणी पुन्हा उचलावे असे मलाही वाटत नव्हते.

एके दिवशी रत्नम आला. खांद्याला अजून पट्टी होती. तो माझ्याशेजारी गवतात बसला. "त्या दिवशी मी ऐकायला नको होतं," तो पुटपुटला. "अविनेश दूर होता. त्याला भीती दिसत होती, घर दिसत नव्हतं. मला घर दिसत होतं." मग त्याने मला चार ठिकाणी कापले. शक्य तेवढे सरळ केले. एका बाजूला जाड बिजागऱ्या लावल्या, दुसऱ्या बाजूला आतून सरकणारी कडी, आणि बाहेरून हात घालून ती सरकवता येऊ नये म्हणून तिच्यावर पत्र्याची पेटी. चावी नाही. नवी जाळी घ्या म्हणून अविनेश म्हणत होता. काका म्हणाले, "हीच... लावा. हिला... शिकू दे."

पण भीती गेली असे समजू नका. घर पुन्हा उभे राहिले आणि पहिल्या दिवशी मी दारासारखी उघडले, तेव्हा काकी किंचाळली. तिला वाटले, आता तो माणूस येणार. "मी उघडते तशी तोही उघडेल," ती म्हणत राहिली. केलेराने स्वतः बाहेर उभे राहून अर्धा तास खटपट केली. तारा घातल्या, चमचे घातले. कडी सरकली नाही. तरी काकी पंधरा दिवस झोपली नाही. माकेरेता तिच्या शेजारी गादी टाकून झोपू लागली. आपल्या घरी दालो कुजत असल्याची तक्रार रोज करायची, पण घरी जायची नाही.

मग केलेराने एक सराव ठरवला. दर शनिवारी दुपारी माकेरेता अंगणात उभी राहून ओरडते, "आग!" काकीने डोळ्यांवर फडके बांधायचे, कारण धुरात डोळे चालत नाहीत, आणि दहा मोजायच्या आत मला उघडायचे. पहिल्या शनिवारी तिला कडीच सापडेना. ती भिंत चाचपत रडायला लागली. काका आकडे मोजत होते. पाचाला थांबले आणि पुढे मोजायचेच विसरले. दुसऱ्या शनिवारी एकोणीस लागले. महिन्याने अकरा. वस्तीतल्या बाकीच्यांनीही रत्नमला बोलावून आपापल्या जाळ्या कापून घेतल्या. आता शनिवारी दुपारी सगळ्या घरांतून कड्यांचे खटखट आवाज येतात. वस्तीच्या बाहेरचा कुणी ऐकेल तर म्हणेल, या लोकांना वेड लागले आहे.

आजही अंगणातली खडी वाजली की आम्ही तिघे गप्प होतो. काका श्वास रोखतात, काकी खिडकीकडे येते. मग ती हाक मारते, "कोण आहे?" आणि समोरच्या घरातून माकेरेताचा आवाज येतो, "पोस्टमन आहे, काकी! मी बघतेय!" तेवढ्यावर काकी पुन्हा कामाला लागते.

गेल्या शनिवारी एक गोष्ट घडली. माकेरेता ओरडली, काकीने फडके बांधले, पण ती उठायच्या आतच काकांनी डावा हात पुढे केला. त्यांनीही डोळे मिटले होते. बोटे माझ्यावरून सरकत कडीपर्यंत गेली. सहाव्या आकड्याला कडी सरकली. मग त्यांनी तळहाताने मला ढकलले, आणि मी उघडले. बाहेर ऊन होते. सगळ्यांना वाटले आता ते काहीतरी थट्टा करतील. ते नुसते बाहेर बघत बसले.

मित्रांनो, तुमच्याही घराला जाळी असेल, कुलूप असेल. असू द्या. चोर खरे असतात, मी एक बघितला आहे. पण आज घरी गेलात की एकदा "आग!" म्हणून ओरडा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला डोळे मिटून दार उघडायला सांगा. तुम्ही स्वतः उघडू नका. नुसते मोजा. त्यांचे हात थरथरतील, चावी सापडणार नाही, ते तुमच्यावर चिडतील. तुम्ही चिडू नका. दहाच्या पुढे गेले, तर त्याच दिवशी वेल्डरला बोलवा.